मी खालूनच बोलणार



मी खालूनच बोलणार आहे. मघाशी चार तरुण कार्यकर्ते मला चाकाच्या खुर्चीसकट उचलायला आले होते, त्यांना मी परत पाठवलं. मुलं गुणी आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण बासष्टाव्या वर्षी गणपतीसारखं चौघांच्या हातांवरून मंचावर जायचं आणि तिथे बसून समान संधीवर बोलायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. व्यासपीठाला सात पायऱ्या आहेत. आम्ही कुठेही गेलो की आधी पायऱ्या मोजतो आणि मग यजमानांना नमस्कार करतो. मान्यवरांना अध्यक्षांचं तोंड बघायचं असेल तर त्यांनी खाली यावं. त्यांना पायऱ्या उतरायला काही अडचण दिसत नाही.

आयोजक म्हणाले, “ताई, सभागृह जुनं आहे.” मान्य. पण 2016 चा दिव्यांग हक्क अधिनियम जुन्या सार्वजनिक इमारतींनाही लागू आहे. नियम जून 2017 मध्ये निघाले, तिथून पाच वर्षांची मुदत होती आणि ती जून 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या पंधराव्या नियमाचा पहिला पोटनियमच रद्द केला, कारण सुगम्यतेचे निकष त्यात ‘जमलं तर करा’ अशा शिफारशीच्या सुरात लिहिले होते. सक्तीचे निकष करा, असं न्यायालयाने सरकारला बजावलं. निकाल लिहिणारे तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड मराठी, म्हणून आपल्याला त्यांचा अभिमान. तो निकाल किती मराठी माणसांनी वाचला, हे मी विचारत नाही. विचारलं तर आपला दिवस खराब होईल.

असो. रॅम्पसाठी रडायला मी आलेले नाही, त्यासाठी वकील आहेत. हे साहित्य संमेलन आहे, तेव्हा साहित्याचं बोलते.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावाआधी ‘प्रेरणादायी’ छापलं आहे. माझी सात पुस्तकं आहेत, त्यातल्या एकाचंही नाव पत्रिकेत नाही. ‘पोलिओवर मात करून’ हे मात्र आहे. मी पोलिओवर मात केलेली नाही. तो तिसऱ्या वर्षापासून माझ्या दोन्ही पायांत आहे आणि आमचं बरं चाललं आहे. मात करायची होती ती एसटीच्या पायरीवर आणि कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मराठी विभागावर. ती अजून झालेली नाही. एका गावात मला कथासंग्रहासाठी पुरस्कार होता. कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. शेवटी पाहुणे खाली आले आणि त्यांनी शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह मला जिन्याखाली दिलं. फोटो सुरेख आला. जिना त्यात दिसत नाही.

माझ्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर बघा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेतलं. ऑलिंपिकमध्ये देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आलं 2008 साली, म्हणजे आणखी 36 वर्षांनी. पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. 2024 मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि मग आपले लोक एकमेकांना विचारू लागले, “अहो, हे आपल्याकडचेच का?” सैन्य, जखम, पाणी, विस्मरण. कादंबरीला आणखी काय लागतं? आपले कादंबरीकार त्या काळात पुण्यातल्या घटस्फोटांवर लिहीत होते. लिहू देत बापडे, घटस्फोटही खरेच असतात. त्याच 2024 मध्ये आमच्याच आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. देशाची एकूण पदकं 29. पदकविजेत्याचं कौतुक करणं सोपं असतं, कारण त्याने तुमच्याकडे काही मागितलेलं नसतं. आणि सगळ्यांना काही पदक नको असतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंना फक्त नाटक बघायचं आहे, तेही नवऱ्याच्या शेजारी बसून. थिएटरवाले त्यांची खुर्ची दारापाशी लावतात आणि नवऱ्याला आठव्या रांगेत पाठवतात.

आपल्या साहित्यात आम्ही कमी आहोत असं कुणी समजू नये. तोतरा नोकर, बहिरा सासरा, चकणा दिवाणजी, लंगडा खलनायक, शेवटच्या अंकात पाप फेडण्यासाठी आंधळा झालेला बाप... आमच्यावाचून तुमचं पान हलत नाही. जुलै 2024 मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली ढकलणारा विनोद वेगळा. मी म्हणींवर बंदी मागत नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ही म्हण मला आवडतेसुद्धा. आम्ही पुस्तकाची एक फाइल मागतो आणि समाज शाल व नारळ असे दोन नग देतो.

शब्द बदलायची हौस मात्र दांडगी. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ म्हणायला सुचवलं आणि पाठोपाठ पाट्या रंगल्या. माझ्या पायांत दिव्य काही नाही, पोलिओ आहे. ही खोड जुनीच आहे. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले, जेमतेम 34 वर्षं जगले, 1915 साली गेले. तेवढ्यात सांगून लिहवून घेतलेले शंभराहून अधिक ग्रंथ ठेवून गेले. आपण त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटलं, हात जोडले आणि सुटलो. आंधळा माणूस ग्रंथ कसा रचतो, संदर्भ कसे धरतो, लेखनिकाशी त्याचं कसं जमतं किंवा कसं बिनसतं, हे प्रश्न मराठीच्या एखाद्या वर्गात कुणी विचारलेले माझ्या तरी कानावर नाहीत.

पडद्याचंही तेच. ‘श्वास’ चांगला चित्रपट आहे, मीही रडले. पण त्या लहानग्याची दृष्टी जाते, तो गावी परततो आणि चित्रपट संपतो. आमची गोष्ट तिथून सुरू होते! दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला का? गुरुजींनी त्याला कुठे बसवलं? त्याला पाटी दिली की ब्रेलची पट्टी? याउलट 1980 च्या ‘स्पर्श’मध्ये सई परांजपे यांनी अंधशाळेचा असा प्राचार्य उभा केला, की ज्याला मदतीचा नुसता वास आला तरी तो फणकारतो. तो हट्टी आहे, प्रेमात चुकतो, म्हणजे माणूस आहे. आणि 2014 च्या ‘यलो’मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःची भूमिका स्वतः करते. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. धडधाकट नटाने पाय दुमडून चाकाच्या खुर्चीत बसायचं आणि अभिनयाचं पारितोषिक घ्यायचं, ही पद्धत निदान तिथे तरी मोडली.

नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन दुकानात कोणत्या कपाटात असतं ते बघा. बहुधा ‘प्रेरणादायी’. त्या पुस्तकात कोल्हापुरात संस्था उभी करणाऱ्या बाईची चिडचिड आहे, व्यवहार आहे. त्याची जागा मोठ्या आत्मकथनांच्या शेजारी आहे. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. आपलं भोगणं आपणच लिहायचं, हा हक्क त्या चळवळीने मराठीत मिळवला, आणि तिचं ऋण आम्ही मानतो. तेव्हा यापुढे आमच्यावर लिहिलेल्या करुण कवितांना पहिलं बक्षीस देणाऱ्या परीक्षक मंडळांत आमच्यातलं एक माणूस बसवा. नाहीतर स्पर्धा बंद करा.

आता प्रकाशकांकडे वळते. ते पहिल्या रांगेत आहेत आणि मघापासून फोन बघताहेत.

2012 मध्ये स्वामित्वहक्काचा कायदा बदलला. अपंग वाचकासाठी नफा न घेता पुस्तकाचं सुगम रूप करायला आता लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. जून 2013 मध्ये मराकेशला त्यासाठीच आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. मग अडलं कुठे? तुमच्या फाँटात. वर्षानुवर्षं पुस्तकं युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत जुळवली. डोळ्यांना ती मराठी दिसते. ती फाइल स्क्रीन रीडरला दिली की तो ‘एस, कंस, टक्के, आर’ असं काहीबाही वाचत सुटतो. माझी एक मैत्रीण निवृत्त शिक्षिका, जन्मांध. तिने एका कादंबरीची फाइल मागितली, तर उत्तर आलं, “बाई, चोरी होते.” व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ डोळस लोकांनी स्कॅन केलेल्या असतात, साहेब. आंधळ्यांनी नाही. दुसऱ्याने सांगितलं, “आधी छापील आवृत्ती खपू द्या, तुमचं मागाहून करू.” हे ‘मागाहून’ तिने चाळीस वर्षं ऐकलं आहे. 2008 पासून स्वागत थोरात ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक मराठीत काढत आले. अंध नट घेऊन त्यांनी ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणलं. एवढ्या मोठ्या भाषेने हा भार एवढ्याशा खांद्यांवर टाकावा, याची मला लाज वाटते.

कर्णबधिरांचं दुखणं याहून खोल आहे, कारण ते तुम्हाला भाषेचं वाटतच नाही. माझ्या डाव्या बाजूला दुभाषी उभी आहे, तिच्या हातांकडे बघा. ते हातवारे नाहीत, ती व्याकरण असलेली भाषा आहे. शाळांनी कैक पिढ्या या मुलांना हात आवर, ओठ वाच, असं दटावलं. सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संशोधन संस्था दिल्लीत निघायला 2015 उजाडलं. त्या मुलांना मराठी ही दुसरी भाषा आहे. त्यांनी पाठवलेली कविता विभक्ती चुकली म्हणून परत करणाऱ्या संपादकांना मी ओळखते, त्यातले दोघे इथे आहेत. विभक्ती दुरुस्त करता येते हो. प्रतिमा कुठून आणणार तुम्ही?

2016 च्या त्याच कायद्याचं कलम 29 फक्त संस्कृती आणि करमणुकीवर आहे. आमच्या लेखक-कलावंतांना साहाय्य, आमच्या इतिहासाचं संग्रहालय, आम्हाला शिकता येतील असे कलांचे अभ्यासक्रम, हे सगळं त्यात सरकारचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. दरवर्षी संमेलनात बावीस ठराव होतात. या वर्षी एकच करा. कलम 29 चं महाराष्ट्रात काय झालं ते सरकारला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आणि प्रकाशकांनो, पुढच्या संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात ज्या पुस्तकाची युनिकोड फाइल नाही त्याला गाळा मिळू नये, अशी सूचना मी अध्यक्ष म्हणून आजच साहित्य महामंडळाला देत आहे. मंजूर झाली नाही तर पुढच्या वर्षी आम्ही प्रदर्शनाच्या दारात बसू. आम्हाला बसायची सवय आहे.

शेवटी एक व्यवस्थेची सूचना. या भाषणाच्या ब्रेल प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. युनिकोड फाइल आणि सांकेतिक भाषेतली चित्रफीतही तिथेच मिळेल. छापील प्रती आज नाहीत. त्या पंधरा दिवसांनी येतील. डोळस वाचकांचं मागाहून करू.