मुले जागी होण्यापूर्वी

कादंबरीचे पुनर्लेखन, म्हणजे पहिला खर्डा हाती आल्यावर प्रसंगांचा क्रम, निवेदनाचा सूर आणि पात्रांची भाषा नव्याने तपासण्याचे काम, सलग वेळ मागते, कारण एका प्रकरणातील बदलाचे पडसाद संपूर्ण संहितेत शोधावे लागतात. आणि लहान मुलांच्या घरात नेमका हा सलगपणाच दुर्मीळ असतो. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांचे उदाहरण या दृष्टीने फार मोलाचे आहे. हॉवर्ड विद्यापीठातील लेखनगटासाठी लिहिलेल्या एका लघुकथेचा त्यांनी कादंबरीत विस्तार केला, तो घटस्फोटानंतर दोन लहान मुलग्यांना वाढवत आणि प्रकाशनसंस्थेतील संपादकाची नोकरी सांभाळत. ‘द ब्लूएस्ट आय’ ही ती कादंबरी १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. मुले उठण्यापूर्वीची पहाट हाच त्यांचा लेखनाचा वेळ होता, आणि गरजेपोटी जडलेली ही सवय पुढेही टिकली. ही वेळ घराने दिलेली नव्हती, ती झोपेतून काढलेली होती, हे त्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना विसरता कामा नये. उरलेले चिंतन त्या कामावर जाताना गाडीत, भुयारी रेल्वेत किंवा अंगणातील गवत कापताना करीत, त्यामुळे कागदासमोर बसेपर्यंत मनात काहीतरी आकाराला आलेले असे.