लॉजिस्टिक्स शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे. कारण सरळ आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच, "पोराला बारावीला पासष्ट टक्के पडलेत. लॉजिस्टिक्सला घालू का? नोकरी लागते का?" मी पुण्यात एका मॅनेजमेंट कॉलेजात हाच विषय शिकवते, म्हणून प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. तुमच्यापैकी काहींनी फीसाठी कर्ज काढलंय, एकाने शेताचा तुकडा विकायचा विचार चालवलाय. तेव्हा आज गुळमुळीत न बोलता सांगते.

आधी विषय काय आहे ते. बहुतेकांना वाटतं, लॉजिस्टिक्स म्हणजे ट्रकचा धंदा आणि सप्लाय चेन म्हणजे त्याचं इंग्रजी नाव. तसं नाही. माल चालतो थोडा वेळ, आणि थांबतो फार वेळ. गोडाऊनमध्ये थांबतो, गेटवर थांबतो, कागदासाठी थांबतो, पैशासाठी थांबतो. हे थांबणं का होतं, त्याचा खर्च किती आणि तो कुणाच्या खिशातून जातो, याचा अभ्यास म्हणजे आमचा विषय.

आपल्या निफाड तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो. तो चाळीत ठेवायचा की लगेच लासलगावला लिलावाला न्यायचा? ठेवला तर वजन घटतं, सड होते, पावसाळ्यात मोड येतात. विकला आणि पुढे भाव चढला तर हळहळ. ठेवण्याचा खर्च आणि विकण्याची वेळ यांचा हा हिशोब आपले वडील पाठीच्या कण्याने करायचे. पुस्तकात त्याला इन्व्हेंटरी मॅनेजमेंट म्हणतात.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून एक उदाहरण सांगते. वर्गमूळ पुढे कुठे लागणार, असं आपण त्यांना विचारायचो. समजा, एका दुकानदाराला वर्षाला ३,६०० गोणी लागतात. प्रत्येक वेळी माल मागवायचा खर्च ५०० रुपये. एक गोणी वर्षभर सांभाळायचा खर्च १० रुपये. एका वेळी किती मागवाव्यात? ३,६०० गुणिले ५००, त्याची दुप्पट, भागिले १०. येतात ३,६०,०००. त्याचं वर्गमूळ ६००. म्हणजे ६०० गोणी, वर्षातून सहा वेळा. मागवण्याचा खर्च ३,००० आणि सांभाळण्याचाही ३,०००. तीनशे-तीनशे मागवा किंवा बाराशे-बाराशे, दोन्हीकडे एकूण खर्च ६,००० वरून ७,५०० वर जातो. हे सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने १९१३ साली मांडलं आणि आजही पहिल्या सत्रात आम्ही तेच शिकवतो. बाई, वर्गमूळ लागलं!

दुसरी गोष्ट शिकवतो ती एका खेळातून. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या सुमारास तो तयार झाला. चार जण एका ओळीत बसतात. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी मागे सरकवायची. माल पोहोचायला दोन-तीन आठवडे लागतात. गिऱ्हाईक आधी आठवड्याला चार पेट्या नेतं, पाचव्या आठवड्यापासून आठ, आणि मग शेवटपर्यंत आठच. एवढाच बदल. पण दुकानदार घाबरून जास्त मागवतो, घाऊकवाला त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत कधी तीस, कधी चाळीस पेट्यांची मागणी जाते. मग सगळीकडे माल तुंबतो. खेळ संपला की मुलं एकमेकांवर ओरडतात, "तू चुकलास!" खरं तर वेडं कुणीच नसतं. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणा असतो, पण साखळी कुणाला दिसत नसते. स्टॅनफर्डचे हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली यावर लिहिलं तेव्हा त्याला आसुडाची उपमा दिली. मनगट जरासं हलतं आणि टोक सपकन फिरतं.

पुढे कायदेही येतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या राज्याराज्यात छोटी गोडाऊनं ठेवायच्या. ते कारण संपलं आणि मोजकी, मोठी वेअरहाऊस परवडायला लागली. भिवंडीकडच्या त्या लांबच लांब शेड तुम्ही पाहिल्या असतील. करातल्या एका बदलाने गोडाऊन कुठे बांधायचं हे ठरतं, हे मुलांना कळलं की त्यांचे डोळे चमकतात.

आता शिक्षण कुठे मिळतं? पवईची एनआयटीआयई १९६३ ची संस्था, २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. तिथे कॅटची परीक्षा देऊनच जावं लागतं. बडोद्याला गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. ते २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं आणि रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत चालतं. आणि ज्या पदवीत प्रत्यक्ष कामावर शिकणं अंतर्भूत असतं, तिच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा अभ्यासक्रमात मुलगा काही काळ कामावर असतो आणि त्याला विद्यावेतन मिळतं. ज्या घरात फीचा प्रश्न आहे, त्यांनी आधी ही वाट बघावी.

बाकी गल्लोगल्ली निघालेल्या कॉलेजांबद्दल बोलायचं तर जाहिरात सगळ्यांची एकच, "शंभर टक्के प्लेसमेंट". तिथे जाऊन तीनच प्रश्न विचारा. एक, मुलं प्रत्यक्ष वेअरहाऊसमध्ये किती आठवडे उभी राहतात, की नुसतं इंटर्नशिपचं पत्र मिळतं? दोन, संख्याशास्त्र आणि एक्सेल स्वतः करून शिकवतात की फळ्यावर दाखवतात? तीन, तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोन मुलांचे फोन नंबर देता का? तिसऱ्या प्रश्नाला जे आढेवेढे घेतात, तिथून चहा पिऊन परत या. शेत विकायची पाळी तर मुळीच आणू नका. बी.कॉम. करून दोन वर्षं काम केलेला मुलगा नंतर या विषयाचा डिप्लोमा करतो, तेव्हा वर्गात त्याला सगळ्यात जास्त कळतं.

आणि पहिली नोकरी कशी असते तेही ऐका. कार्डावर "एक्झिक्युटिव्ह" लिहिलेलं असतं. काम असतं आठ-दहा तास उभं राहून माल मोजणं, चलन तपासणं, रात्रपाळी, उन्हाळ्यात पत्र्याखाली. पगार सुरुवातीला बेताचाच. ज्याला मोजायचा कंटाळा नाही आणि माणसांशी भांडण न करता काम करून घेता येतं, तो वर जातो. मुलींच्या बाबतीत एक जास्तीची चौकशी करा. वेअरहाऊस गावाबाहेर असतात, तेव्हा पाळी संपल्यावर घरी सोडायला गाडी आहे का? माझ्या वर्गातल्या हुशार मुलींनी नोकरी सोडली ती काम जमलं नाही म्हणून नाही, रात्री अकराला घरी यायची सोय नव्हती म्हणून. काही कंपन्यांनी गाडी दिली, तिथे मुली टिकल्या आणि आज शिफ्ट चालवतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम आले ती. आम्ही एक साधा नियम शिकवतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला. समजा, एका वेअरहाऊसच्या आवारात सतत साठ गाड्या उभ्या दिसतात आणि तासाला दहा गाड्या रिकाम्या होऊन बाहेर पडतात. तर प्रत्येक गाडी सरासरी किती वेळ अडकते? सहा तास. पाचवीतलं त्रैराशिक आहे. मुलं उत्तर काढतात, पुढे जातात. मी त्यांना थांबवते. म्हणते, या सहा तासांचे पैसे कुणी दिले ते आता लिहा.

इथे वर्ग गप्प होतो. कारण कंपनीच्या कॉम्प्युटरवर तो खर्च दिसत नाही. हॉल्टिंग कागदावर असतं, हातात क्वचित पडतं. गेटबाहेर ना सावली, ना संडास. तो वेळ ड्रायव्हरचा असतो आणि हिशोबात तो फुकट धरलेला असतो. आपल्याच वर्गातले तिघे गाडी चालवतात, आज इथे बसलेत. त्यांना हे मी सांगायची गरज नाही. पण उद्या ज्याच्या हातात त्या गेटचं वेळापत्रक असेल, तो मुलगा किंवा मुलगी आज कुठल्यातरी वर्गात बसलेली आहे. गाड्यांना ठराविक वेळ देऊन बोलावलं तर सहाचे दोन तास होऊ शकतात. त्याला मोठं यंत्र लागत नाही, समोरच्याचा वेळ मोजायची सवय लागते. माझ्या मते या शिक्षणाची कसोटी तीच आहे. पदवी घेतलेला माणूस फक्त मालकाचा खर्च मोजतो, की साखळीतल्या प्रत्येकाचा?

म्हणून माझी एक सूचना आहे. दर मेळाव्याला आपण शाळेला काहीतरी वस्तू देतो. या वर्षी वस्तू नको. अकरावी-बारावीच्या वीस मुला-मुलींना दोन दिवस बाहेर काढू. पहिला दिवस लासलगावचा लिलाव, व्यापाऱ्याचं खळं आणि द्राक्षाचं पॅकहाऊस. द्राक्ष थंड करून रीफर कंटेनरमध्ये कसं भरतात ते बघू दे. दुसरा दिवस न्हावाशेवाच्या बाजूला एखादं कंटेनर यार्ड. गाडीत मुलांशी बोलायला आपले तिघे मित्र हवेत. ट्रकवाला गेटवर काय बघतो, हे माझ्यापेक्षा ते चांगलं शिकवतील. यार्डाच्या परवानगीसाठी मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारते. बसचा खर्च आपण वाटून घेऊ.

त्या सहलीनंतर ज्या मुलाला वाटेल की हे आपल्याला आवडतं, त्याने खुशाल प्रवेश घ्यावा. ज्याला वाटेल, नको बुवा, त्याच्या बापाचे तीन वर्षांच्या फीचे पैसे वाचले. दोन्हीत आपला फायदाच आहे.

मुख्याध्यापक सरांनी परवानगी द्यावी, एवढी विनंती करते आणि थांबते. नावं लिहायची वही दारातल्या टेबलावर ठेवली आहे.