भूगोल घेऊन पोरगी काय करेल?

(चोपडा तालुक्यात ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



बचत-परतफेडीचं काम झाल्यावर अध्यक्षताईंकडून मी पंधरा मिनिटं मागून घेतली आहेत. दहावीचा निकाल लागलाय. मागच्या आठवड्यात एका गटात एक पोरगी म्हणाली, मला आर्ट्सला जाऊन भूगोल घ्यायचाय. तिच्या आजीने लगेच विचारलं, "भूगोल लिसन पोर काय करी?" सगळ्या हसल्या. पण आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज त्यावरच बोलते.

दहावीपर्यंत भूगोल सगळ्यांनाच असतो. 40 गुणांचा पेपर, तोही परीक्षेच्या शेवटी. 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा दहावीचा हाच पेपर राहून गेला आणि रद्द झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले. पोरं खूशच झाली असतील! शेपटाचा विषय अशीच त्याची ओळख. अकरावीपासून तो ऐच्छिक होतो. 80 गुण लेखी, 20 गुण प्रात्यक्षिक. काही कॉलेजांत सायन्स-कॉमर्सच्या मुलींनाही घेता येतो.

आता मला सांगा, आपल्याकडे चोपडा, यावल, रावेरला केळी, आणि पारोळ्याकडे कापूस टाकून आभाळाकडे बघत बसायचं, असं का? तिकडची माणसं कमी कष्ट करतात का? नाही ना. तापीने हजारो वर्षं गाळ आणून टाकला म्हणून काठाला माती खोल आहे. थोडं लांब गेलं की खाली काळा पाषाण लागतो, तिथे पाणी मुरायला जागाच कमी. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, आपली तापी मात्र मुलताईहून निघून पश्चिमेला सुरतेकडे जाते. हे सगळं भूगोलात येतं.

आपल्या गटांतून बोअरसाठी कर्ज किती जणींनी घेतलंय? हात वर करू नका, मला रजिस्टरवरून माहीत आहे. पाणाड्या येतो, हातावर नारळ धरतो, जागा दाखवतो. बोअर कोरडी गेली तरी बँकेचा हप्ता काही थांबत नाही. शेजारच्या शिरपूर तालुक्यात 2004 च्या सुमारास सुरेश खानापूरकर यांनी वेगळं काम केलं. ते भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक. कुठे गाळ, कुठे पाषाण, पाणी कुठे अडतं, हे त्यांनी आधी बघितलं. मग नाले रुंद आणि खोल केले, त्यांच्यावर एकामागे एक सिमेंटचे बंधारे बांधले. त्यालाच लोक शिरपूर पॅटर्न म्हणतात. जमीन वाचता येणारं माणूस असलं की किती फरक पडतो ते तिथे जाऊन बघा. बारावीचा भूगोल शिकून पोरगी खानापूरकर होणार नाही, पण नकाशावरच्या समोच्च रेषा बघून आपल्या गावाचा उतार कुठे आहे ते तिला कळेल. ग्रामसभेत बंधाऱ्याची जागा ठरते तेव्हा असं एक माणूस आपल्या बाजूला असावं, असं मला तरी वाटतं.

नोकरीचं खरं ते सांगते. नुसत्या भूगोलावर कोणी नोकरी देत नाही. डॉक्टर, फार्मसी, इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर सायन्सचे ठरलेले विषय घ्यावेच लागतात. पण एमपीएससीला, तलाठी भरतीच्या सामान्य ज्ञानाला भूगोल लागतो. पुढे बी.ए., एम.ए., बी.एड. करून शिक्षिका होता येतं. उपग्रहाच्या चित्रांवरून कॉम्प्युटरवर नकाशे करायचं काम असतं, त्याला जीआयएस म्हणतात, तेही शिकता येतं. सोपा आहे म्हणून मात्र घेऊ नका. नकाशे, आकडे, आलेख सगळं आहे त्यात.

आणि एक गोष्ट मला जास्त टोचते. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. बाहेर जायचं, बघायचं, विचारायचं, लिहायचं. सहल निघते तेव्हा मुलगे जातात, आणि आपण पोरीला म्हणतो, तू काय करशील उन्हात, घरी बस. मग ती धरण, घाट, समुद्र पाठ करते. तुम्ही स्वतः गटाच्या प्रशिक्षणाला पहिल्यांदा जळगावला गेलात तेव्हा घरात काय काय बोलणी झाली, ते मला तुम्हीच सांगितलंय. संमतीपत्रावर सही मागायला पोरगी आली की ते आठवा. सोबत मॅडम आहेत का, परत किती वाजता, हे जरूर विचारा. विचारून झालं की सही करा.

आता कामाचं. 2025 पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय. कॉलेजचा पसंतीक्रम टाकायच्या आधी तिथे फोन करून किंवा जाऊन विचारा: भूगोल आहे का, शिकवायला शिक्षक आहेत का, प्रात्यक्षिकं खरंच होतात का. यादीत विषय आहे आणि वर्गात कोणीच नाही, असंही असतं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे, त्यामुळे गाव लांब म्हणून सोडू नका. पण सकाळची गाडी कॉलेजच्या वेळेला पोचते का ते आधी बघा. फॉर्म भरता येत नसेल तर सीआरपी ताईंकडे या. येताना दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि असेल तर जातीचा दाखला आणा. आणि पोरीलाही सोबत आणा. फॉर्म तिचा आहे.