आधी आराखडा, मग आज्ञावली

घर बांधायचे तर आपण आधी गवंड्यापुढे नकाशा ठेवतो. कागदावरची भिंत रबराने पुसता येते. उभी भिंत पाडायला पहार लागते. संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे.

१९९० च्या सुमारास असे नकाशे काढण्याच्या नाना पद्धती होत्या. एकाच्या खुणा दुसऱ्याला कळेनात. तेव्हा ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांनी आपल्या पद्धती एकत्र आणल्या. तीच 'यूएमएल' ही चित्रभाषा. १९९७ साली ती प्रमाण ठरली.

आता शाळेचे ग्रंथालय घ्या. तीन चौकटी काढा : पुस्तक, प्रत, विद्यार्थी. त्या रेघांनी जोडू लागलात की लगेच प्रश्न उठतो. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील, तर मुलाच्या नावावर काय मांडायचे, पुस्तक की प्रत?

आम्ही एकदा हे चित्र न काढताच कामाला लागलो आणि पुस्तकच मांडत गेलो. वर्षअखेर मोजदाद केली, तर कोणती प्रत कोणाकडे हे सांगता येईना. साऱ्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. ग्रंथपालांना आज्ञावली वाचता येत नव्हती, पण त्या तीन चौकटी दाखवल्या असत्या तर चूक त्यांनी तेव्हाच धरली असती.

चित्राचा खरा उपयोग हाच. ते काढून देणारी साधने आपल्यासाठी विचार करीत नाहीत. आपला विचार चारचौघांपुढे मांडतात. म्हणून गुरुजी, तुमच्या शाळेसाठी कोणी आज्ञावली करू लागला, तर त्याला एवढेच म्हणा : "बाबा रे, आधी चित्र दाखव."