कुरळ्या केसांचा गुंता

आज आम्ही केसांबद्दल बोलणार आहोत. हसू नका, ऐका तर आधी.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचं बैठकीला येणं बंद झालं. घरी गेलो तर आठवीतली लेक डोक्यावर ओढणी घेऊन बसलेली. महिनाभर आजारी होती, केस विंचरलेच नव्हते. मुळातले कुरळे केस, मानेजवळ ही एवढी गाठ झाली. आजी म्हणाल्या, "जट आलीय, यल्लम्माची आहे, हात लावू नका." पोरीची शाळा बंद.

आता हे कसं होतं बघा. केसाचं मूळ त्वचेच्या आत जसं वळलेलं असतं, तसा केस वळतो. कुणाचे सरळ, कुणाचे लाटेसारखे, कुणाचे अंगठीसारखे गोल, कुणाचे स्प्रिंगसारखे घट्ट. न्हाल्यावर न विंचरता वाळू द्या आणि एक बट बघा, आपला प्रकार लगेच कळतो. सरळ केसात टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतं. कुरळ्यात ते वळणावर अडतं, म्हणून टोकं कोरडी राहतात आणि एकमेकांत अडकतात. रोज थोडे केस गळतातच. सरळ केसातून ते खाली पडतात, कुरळ्यात तिथेच गुंततात. ते सोडवले नाहीत तर गाठ, आणि गाठ वाढली की जट. यात देवी कुठे आली?

आम्ही तिघी बसलो. वाटीभर खोबरेल गाठीत मुरवलं आणि बोटांनी टोकाकडून वर सोडवत गेलो. मुळाकडून ओढलं तर पोर रडते आणि केस तुटतात. दोन दुपारी गेल्या, थोडे केस कापावेही लागले. आजी पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तेलाची वाटी त्यांनीच आणून ठेवली.

कुरळ्या केसांना बारीक फणी लावू नका, ती उवांसाठी ठेवा. तेल लावून, जाड दातांच्या कंगव्याने, थोडे थोडे केस घेऊन विंचरा. कपड्याचा साबण डोक्याला नकोच. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर केसांवर बसतो आणि केस राठ होतात. शिकेकाईनेही केस कोरडे पडतात, म्हणून आदल्या रात्री तेल हवं. न्हाल्यावर खसाखसा पुसू नका, जुन्या सुती लुगड्याने दाबून टिपा. झोपताना सैल वेणी घाला. बाळंतिणीचे आणि आजारी माणसाचे केस घरातल्या दुसऱ्या कुणीतरी विंचरावेत.

जट जुनी, घट्ट असेल तर ती सुटत नाही, कापावीच लागते. आत खाज, जखमा, उवा होतात, मान दुखते. घरचे घाबरत असतील तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते येऊन समजूत घालतात आणि जट काढून देतात.

ती पोर आता नववीत आहे. पुढच्या बैठकीला लेकींना घेऊन या, आणि येताना जाड दातांचा कंगवाही आणा.