फरसबंदीचे आयुष्य सांध्यांतील वाळूत

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शाळेचे पटांगण, समाजमंदिराचे आवार, चावडीपुढील मोकळी जागा आज पुष्कळ गावांत काँक्रीटच्या ठोकळ्यांनी, म्हणजे पेव्हर ब्लॉकने, फरसबंद झालेली दिसते. उद्घाटन होते, फलक लागतो. परंतु दोन-तीन पावसाळ्यांत ठोकळे डगमगू लागतात, शेवाळावरून एखादे मूल घसरते आणि ठेकेदाराला बोल लावून आपण मोकळे होतो. त्याचा दोष असेल तेथे तो अवश्य दाखवावा; देखभालीची जबाबदारी मात्र आपलीच आहे.

या बांधणीचे मर्म प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. हे ठोकळे सिमेंटने जोडलेले नसतात. खाली वाळूचा समतल थर, कडेला पक्की किनार आणि अरुंद सांध्यांत ठासलेली बारीक वाळू यांमुळे एका ठोकळ्यावरील भार शेजारच्या ठोकळ्यांवर वाटला जातो. वाळू वाहून गेली की हा आधार सुटतो. म्हणून टँकरच्या नळीचा जोराचा झोत सांध्यांवर मारू नये. नित्याच्या सफाईस खराटा पुरेसा आहे.

पावसाळ्यापूर्वी सांध्यांतील गवत मुळासकट काढावे, कोरडी चाळलेली वाळू पसरून झाडूने सांध्यांत भरावी आणि पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी करावी. पाणी साचते तेथेच शेवाळ धरते. ते ताठ ब्रशने घासून काढावे. ब्लीचिंग पावडर वापरणे भागच पडले, तर ती बेताने वापरावी, त्या वेळी मुलांना दूर ठेवावे व ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कदापि एकत्र करू नयेत; त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. शिवाय अ‍ॅसिड सिमेंटही खाऊन टाकते.

नव्या ठोकळ्यांवर येणारा पांढरा थर पाहून अनेकजण घाबरतात. सिमेंटमधील चुना ओलाव्याबरोबर वर येऊन हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो, त्याचा हा परिणाम. त्याने मजबुती घटत नाही. कोरड्या ब्रशने झाडावे; बहुधा तो कालांतराने आपोआप नाहीसा होतो.

ठोकळा खचला, तर वरून सिमेंट ओतू नये. तो उचलावा, खालची वाळू सारखी करून पुन्हा बसवावा व सांधे भरावेत. हीच या फरसबंदीची मोठी सोय आहे. दुरुस्तीसाठी काही जादा ठोकळे जपून ठेवावेत. पादचाऱ्यांसाठी केलेल्या जागेवर भरलेली ट्रॉली नेऊ नये. भारतीय मानक १५६५८ मध्ये वाहतुकीनुसार ठोकळ्यांची जाडी व मजबुती ठरवून दिलेली आहे.

मित्रहो, यासाठी मोठा निधी लागत नाही. वर्षातून दोनदा पाहणी, तिची नोंद आणि जबाबदार व्यक्तीची नेमणूक एवढे केले तरी पुरे. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले काम टिकविणे हेही विकासकार्यच आहे, याचे स्मरण आपण ठेवूया.