आईला, बायकोला घेऊन जाऊ या
(उत्सवातील भाषण)

पिपलानीत आम्ही पुरुष बीपी-शुगरवर मोकळेपणाने बोलतो. घरातल्या बाईच्या गाठीबद्दल मात्र गप्प. आमच्या घरी या संकोचानेच उशीर झाला, म्हणून सांगतो.

चाळिशीनंतर मॅमोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा. पाळी संपल्यावरचा आठवडा बरा. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ नको. स्तन दोन प्लेटांमध्ये दाबून एक्स-रे काढतात. काही सेकंद दुखतं. पुन्हा बोलावलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. बहुतेकींना काही निघत नाही. पण गाठ लागत असेल, तर रिपोर्ट चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवा.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख महिलांचा अभ्यास केला. नुसत्या प्रशिक्षित हातांच्या तपासणीनेही पन्नाशीपुढच्या महिलांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

साकेतनगरचं एम्स आपल्याला दूर नाही. एक आरती चुकली तर बाप्पा रागावणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!